जपानमध्ये दुकान मांडताना

४ ऑक्टोबर १९३३ रोजी निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यात गांधीजींना भेटले. वय ४८, अंगावर भिक्षूची वस्त्रं, हातात पंख्याच्या आकाराचं छोटं चामडी वाद्य आणि तोंडी सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा एकच मंत्र. दोन वर्षांपूर्वी ते भारतात आले होते. इथली भाषा जेमतेम येत होती आणि इथलं जेवण, हवा, माणसं सगळंच परकं होतं. तरीही ते आणि त्यांचे शिष्य आश्रमाच्या शिस्तीत बसले. पहाटे उठायचं, नेमून दिलेलं काम करायचं आणि प्रार्थनेच्या वेळी आपलं वाद्य वाजवायचं, इतकाच त्यांचा क्रम होता. वर्ध्याने त्यांना ‘फुजी गुरुजी’ म्हणायला सुरुवात केली.

पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांच्या परंपरेतला एक भिक्षू राहत होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारने त्याला उचलून नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला उद्देशून खुलं पत्र लिहिलं. चीनवरच्या आक्रमणाबद्दल त्या पत्रात जपानला खडे बोल सुनावलेले आहेत. त्याच पत्रात ते या भिक्षूबद्दलही सांगतात. त्याची कामातली निष्ठा, नेमाने चालणारी उपासना आणि मोकळं हसू यांमुळे तो सगळ्यांचा लाडका झाला होता, आणि तो गेल्यावरही आश्रमातली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्याच्याच मंत्राने आणि वाद्याने सुरू होत होती. त्या भिक्षूने वेश बदलला नव्हता, धर्मही बदलला नव्हता. आश्रमाच्या दिनक्रमात त्याने स्वतःची एक जागा तयार केली होती आणि ती तो रोज, ठरल्या वेळी भरत होता.

परक्या मुलुखात रुळण्याची ही रीत व्यापाऱ्यालाही लागू पडते. जपानमध्ये धंदा करायला गेलेल्या भारतीयांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा अनुभव त्याची साक्ष देतो आणि त्यातला एक धागा थेट वर्ध्याच्या काळ्या मातीतून निघतो.

फुजी गुरुजी वर्ध्यात पोहोचले त्याच सुमारास सिमल्यात जपानी शिष्टमंडळ सरकारशी कापसावर वाटाघाटी करत होतं. भारत सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली होती. त्याला उत्तर म्हणून जपानच्या सूतगिरण्यांनी जून १९३३ मध्ये भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. एक जपानी वर्ध्याच्या दारात आला होता, तेव्हा दुसरे जपानी वर्ध्यासारख्या भागात पिकणाऱ्या कापसाकडे पाठ फिरवून बसले होते. अखेर जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. जपानने भारतातून वर्षाला १५ लाख गासड्या उचलल्या, तर त्याला ४० कोटी यार्ड कापड भारतात विकता येईल, असं ठरलं.

जपानला हा कापूस का हवा होता? वऱ्हाड, मध्य प्रांत आणि खानदेशचा बराचसा कापूस आखूड धाग्याचा असे. मुंबईच्या बाजारात तो ‘उमरा’ या नावाने विकला जाई. हिंगणघाटच्या कापसाची ओळख मात्र स्वतंत्र आणि वरच्या दर्जाची होती. जपानी गिरण्यांनी स्वस्त, आखूड भारतीय कापसात लांब धाग्याचा अमेरिकन कापूस ठरावीक प्रमाणात मिसळण्याचं तंत्र आत्मसात केलं होतं. त्यामुळे सूत स्वस्तही पडे आणि टिकाऊही होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबईच्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपानच होता.

हे नातं जुळवण्यात जमशेटजी टाटांचा वाटा मोठा होता. कापसाच्या मुलुखाला लागून राहण्यासाठी त्यांनी नागपूर निवडलं आणि १ जानेवारी १८७७ रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालवाहतुकीवर तेव्हा पी अँड ओ कंपनी आणि तिच्या जोडीदारांची मक्तेदारी होती आणि भाडं ते सांगतील ते. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले, उद्योगपती शिबुसावा एइइची यांना भेटले आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीशी करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईला निघालं. जुन्या कंपन्यांनी भाडी पाडून नव्या मार्गाला बुडवायचा प्रयत्न केला, पण जपानी गिरण्यांनी आपला माल त्याच जहाजांवर पाठवायचा निश्चय टिकवला. एकदा शब्द दिल्यावर तोट्याच्या दिवसांतही सोबत राहणारा गिऱ्हाईक कसा असतो, हे भारतीय व्यापाऱ्यांना तेव्हा दिसलं.

त्या काळात कोबे आणि योकोहामा या बंदरांत भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. सिंधी पेढ्या रेशीम घेऊन जगभर विकत. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा बेचिराख झालं आणि भारतीय व्यापारी कोबेला निघून गेले. रेशमाची निर्यात ज्यांच्या हातात होती, ते परत आले नाहीत तर बंदरच बसेल, हे योकोहामाच्या महापालिकेने ओळखलं आणि त्यांच्यासाठी घरं-दुकानं उभी करून त्यांना परत बोलावलं. भूकंपाच्या वेळी मिळालेल्या मदतीबद्दल भारतीय व्यापाऱ्यांनी यामाशिता पार्कमध्ये भारतीय घाटाची पाणपोई बांधून दिली. समुद्राकाठी ती आजही उभी आहे.

धंद्याच्या जागी जपानी चवीशी कशी तडजोड करायची, याचा जुना धडा मात्र एका क्रांतिकारकाकडून मिळतो. रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातून निसटून जपानला गेले. तोक्योतल्या शिंजुकू भागातल्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपवून ठेवलं. १९१८ मध्ये बोस यांनी सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी लग्न केलं आणि १९२३ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं. जपानमध्ये तेव्हा इंग्रजांमार्फत पोहोचलेली, मैद्याने घट्ट केलेली करी रूढ होती. ती बोसना पसंत नव्हती. १९२७ मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह उघडलं तेव्हा त्यांनी हाडासकट कोंबडी आणि खरे मसाले घातलेली भारतीय करी ठेवायचा आग्रह धरला. बाहेर करी १०-१२ सेनला मिळे, इथली थाळी ८० सेनची. सुरुवातीला वास आणि तिखटपणाने लोक बिचकले. मग मसाल्याचं प्रमाण थोडं सारखं केलं गेलं, तांदूळ जपानी वापरला गेला, पण करी भारतीयच राहिली. नाकामुराया ती आजही विकते. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, याची रेघ बोस यांनी पहिल्या दिवशी आखली होती.

२००० नंतर गेलेली पिढी वेगळी होती. संगणक प्रणाल्या सांभाळायला जपानी बँका आणि विमा कंपन्यांना भारतीय अभियंते हवे होते. त्यातले पुष्कळ जण तोक्योच्या पूर्वेकडच्या एदोगावा प्रभागात, निशी-कासाई स्टेशनच्या आसपास स्थिरावले. त्याचं एक कारण मेट्रो. तोझाई मार्गाने ओतेमाची-निहोनबाशीच्या बँकांच्या भागात थेट, गाडी न बदलता पोहोचता येतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. जपानमध्ये घर भाड्याने घ्यायचं तर पुष्कळदा जपानी जामीनदार लागतो, शिवाय घरमालकाला परत न मिळणारी ‘आभाराची’ रक्कम द्यावी लागते आणि परका माणूस म्हटलं की पुष्कळ मालक दारातूनच नकार देतात. यूआर या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या घरांना जामीनदारही लागत नाही आणि ती रक्कमही द्यावी लागत नाही. निशी-कासाईत अशी मोठी संकुलं होती. भारतीय किराणा दुकानं, शाळा आणि खानावळी त्यांच्या मागोमाग आल्या. गणपती आणि दिवाळी तिथे आता सार्वजनिक रीतीने होतात.

या वस्तीतून पुढे आलेलं मराठी नाव म्हणजे योगेंद्र पुराणिक. जपानमध्ये ते ‘योगी’ म्हणूनच ओळखले जातात. विद्यार्थी म्हणून ते १९९७ मध्ये पहिल्यांदा जपानला गेले आणि २००१ पासून तिथेच राहिले. आधी माहिती तंत्रज्ञान, मग मिझुहो आणि राकुतेनसारख्या बँकांमध्ये नोकरी. निशी-कासाईत त्यांच्या आईच्या, रेखाताईंच्या नावाचं घरगुती भारतीय जेवणाचं उपाहारगृहही निघालं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर पुराणिक आपद्ग्रस्त भागात मदतीला गेले. संकुलाच्या रहिवासी संघातही ते काम करू लागले. २०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं आणि एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा प्रभाग सभेच्या ४४ जागांसाठीच्या निवडणुकीत ६,४७७ मतं घेऊन पाचव्या क्रमांकाने निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेत आधी उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले.

रहिवासी संघ ही या कहाणीतली नजरेआड होणारी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. जपानी वस्तीत हा संघ कचरा टाकण्याच्या जागेची पाळी लावतो, भूकंपाची कवायत घेतो, उन्हाळ्यातला उत्सव भरवतो. वर्गणी थोडी असते, काम कंटाळवाणं असतं आणि कायद्याने सक्ती नसते. तरीही नव्या माणसाची पारख इथेच होते. जो सकाळी झाडू घेऊन वेळेवर हजर होतो, त्याच्या दुकानावरची नजर बदलते.

नव्या जागेत दुकान उघडणारा आधी शेजाऱ्यांच्या दारी जातो. हातात बिस्किटांचा डबा किंवा टॉवेलसारखी छोटी भेट असते. आवाज होईल, तळणाचा वास येईल, सांभाळून घ्या, इतकंच बोलायचं असतं. दुकानाचं काम सुरू होण्याआधी कंत्राटदारही अशीच फेरी मारतो. हे न करता दुकान उघडलं, तर पहिली तक्रार दुकानदाराकडे येत नाही. ती प्रभाग कार्यालयात किंवा घरमालकाकडे जाते आणि दुकानदाराला ती कागदावर वाचायला मिळते.

कागद हा दुसरा अध्याय. उपाहारगृहाला स्थानिक आरोग्य केंद्राचा परवाना लागतो आणि त्यासाठी ठरावीक प्रशिक्षण घेतलेला अन्नस्वच्छता जबाबदार माणूस नेमावा लागतो. हात धुण्याचं बेसिन कुठे आहे, भांडी धुण्याची सोय कशी आहे, हे नकाशावर आधीच दाखवावं लागतं. म्हणून अनुभवी मालक भाडेकरार करण्याआधीच नकाशा घेऊन आरोग्य केंद्रात जातो. आधी काम उरकायचं आणि मग परवान्यासाठी खटपट करायची ही आपली सवय तिथे फार महाग पडते. तोक्योत दुकानाचा कचरा घराच्या कचऱ्यात फुकट टाकता येत नाही. पिशवीवर विकत घेतलेलं स्टिकर लावावं लागतं किंवा परवानाधारक कंत्राटदार लावावा लागतो. करारावर अजूनही पुष्कळदा सहीऐवजी नोंदणीकृत शिक्का मारला जातो. २०२० मध्ये सरकारने बहुतेक सरकारी अर्जांवरची शिक्क्याची सक्ती काढायला घेतली, तरी खाजगी व्यवहारांतून तो हटलेला नाही.

पैशाचा हिशोबही वेगळा आहे. मोठ्या कंपन्यांशी व्यवहार करताना महिनाअखेरीस हिशोब बंद होतो आणि रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीस येते. तारीख एकदा ठरली की ती सहसा चुकत नाही. पण माल दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे एक-दोन महिने दुकानदाराला स्वतःच्या खिशातून काढावे लागतात. उधारीवर चालणाऱ्या बाजारातून आलेल्या भारतीयाला उधारी नवी नसते. तारखेत घासाघीस करता येत नाही, हे नवं असतं.

बैठकीतला होकार ही आणखी एक अडचण. समोरचा मान हलवतो, सगळं ऐकून घेतो, वही भरून टिपणं काढतो. त्याचा अर्थ त्याला मान्य आहे असा नसतो. त्याने ऐकलं, एवढाच असतो. जपानी कंपनीत निर्णयाचा कागद खालून वर फिरतो आणि प्रत्येक विभागाचा शिक्का पडतो. त्याआधी संबंधित प्रत्येकाशी वेगवेगळं, खाजगीत बोलून घेतलेलं असतं. त्यामुळे बैठकीतच बाजी मारायला निघालेला परदेशी मालक सहा महिने उत्तराची वाट पाहत बसतो. अनुभवी माणूस बैठकीच्या आधी तीन जणांना चहाला बोलावतो. मात्र एकदा कागद वरपर्यंत जाऊन आला की अंमलबजावणीला उशीर लागत नाही, कारण ज्यांनी काम करायचं त्या सगळ्यांनी तो आधीच वाचलेला असतो.

गिऱ्हाईकाच्या बाबतीतही एक पेच आहे. जपानभर ‘भारतीय’ पाटी लावलेली हजारो उपाहारगृहं आहेत आणि त्यातली पुष्कळ नेपाळी मालकांची आहेत. त्यांनी जपानी जिभेला मोठा, मऊ, किंचित गोड नान आणि चीज भरलेला नान यांची सवय लावली. त्यामुळे मराठी घरातली भाकरी-पिठलं घेऊन कुणी उभा राहिला, तरी जपानी गिऱ्हाईक आधी नानच मागतो. काही मालक नान ठेवतात आणि दुपारच्या जेवणाच्या पाटीवर एक-दोन घरचे पदार्थ हळूहळू आणतात. शंभर वर्षांपूर्वी बोस यांनी काढलेली युक्ती ही अशीच होती.  

ऑक्टोबर २०२५ मध्ये या सगळ्याचं गणित बदललं. जपानमध्ये राहून स्वतःचा धंदा चालवण्यासाठीच्या व्हिसाला तोवर ५० लाख येनचं भांडवल पुरे होतं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ही अट ३ कोटी येन झाली, म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपये. शिवाय जपानी नागरिक किंवा कायम रहिवाशासारखा दर्जा असलेला किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा. मालक किंवा कर्मचारी यांपैकी एकाला जपानी भाषेच्या एन-२ पातळीइतकं कौशल्य हवं. मालकाकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा संबंधित पदव्युत्तर पदवी हवी आणि व्यवसाय आराखडा सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाने तपासलेला हवा. राहत्या घराचा पत्ता कार्यालय म्हणून दाखवणंही साधारणपणे चालत नाही. आधीपासून व्हिसा असलेल्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत आहे. कागदावर कंपनी काढून व्हिसा मिळवणाऱ्यांना आवर घालण्यासाठी हा बदल केला, असं सरकार सांगतं. त्याचा मोठा भार आठ-दहा टेबलांच्या खानावळी चालवणाऱ्यांवर पडणार आहे. ज्यांनी कायम रहिवासाचा दर्जा मिळवला आहे, त्यांना ही अट लागू नाही.

ज्याला जपानमध्ये राहायचं नाही, फक्त माल विकायचा आहे, त्याची वाट वेगळी. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुर्क्युमिनचं प्रमाण सुमारे ६ टक्के असतं. जपानमध्ये हळदीला बाजार आहे, तोही फक्त करीपुरता नाही. मद्यपानाआधी घ्यायची हळदीची पेयं तिथे किराणा दुकानात आणि स्टेशनच्या टपरीवर मिळतात. हाउस फूड्स या कंपनीने २००४ मध्ये असं एक पेय बाजारात आणलं आणि ते घराघरांत पोहोचलं. भारत-जपान व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, त्यामुळे जकात ही मोठी अडचण उरलेली नाही. अडचण कीटकनाशकांच्या अंशाची आहे. २००६ पासून जपानने ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचीच मुभा ठेवली आहे. शेजारच्या कपाशीवर मारलेलं औषध वाऱ्याने हळदीवर आलं, तरी खेप परत येऊ शकते.

म्हणून जपानी आयातदार पहिल्या वर्षी शंभर-दोनशे किलोच मागतो. मग तो शेत बघायला येतो, फवारणीच्या वहीची पानं उलटतो, कुठल्या वाफ्यातून कुठलं पोतं भरलं हे विचारतो आणि त्याच प्रश्नांसह दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो. दुसऱ्या वर्षीही तीच उत्तरं, तीच वही आणि तोच दर्जा मिळाला, तर तिसऱ्या वर्षीची मागणी मोठी असते. वायगावच्या शेतकरी गटाने त्यासाठी तोक्योत कंपनी काढायची गरज नाही. त्यांना हवी ती पेरणीपासून हळद शिजवून वाळवेपर्यंतची रोजची नोंद, वर्ध्यात किंवा नागपुरात जपानी भाषेतल्या पत्राला दोन दिवसांत उत्तर देणारा एक माणूस आणि पहिल्या दोन लहान खेपा तोट्यातही वेळेवर पाठवायची तयारी.